प्रस्तावना : गाडी खोलण्याआधी

मामांच्या येझदीचं डावं झाकण उघडलं, तेव्हा आत गॅस्केटच्या जागी लग्नपत्रिका निघाली. अख्खी नव्हे, झाकणाच्या कडेबरहुकूम कात्रीनं कापलेली, तेल पिऊन तपकिरी झालेली पट्टी. स्क्रूंची भोकं खिळा ठोकून पाडलेली दिसत होती. एका वळणावर गणपतीचा अर्धा मुकुट होता, दुसऱ्या वळणावर ‘आपले नम्र’ एवढी अक्षरं शाबूत होती. मला आधी हसू आलं, मग राग आला. इतक्या चांगल्या इंजिनाला कुणी पत्रिका लावतं का? मामा बाजूला पाटावर बसून बघत होते. त्यांना विचारलं, “हे कुणाचं काम?” ते म्हणाले, “आसंल कुणाचं तरी. पर त्याल गळत हुतं काय?”

गळत नव्हतं.

ही गाडी त्याआधी अकरा वर्षं जिन्याखाली उभी होती. चालत नव्हती, पण दर दसऱ्याला तिची पुसापुशी व्हायची, हँडलला झेंडूची माळ चढायची. घरातल्या चालत्या स्कूटरच्या आधी मान तिचा. विकायचा विषय कुणी काढला की मामा पेपर उघडून बसायचे. शेवटी एका मे महिन्यात त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि “बघ जमतंय काय” एवढंच म्हणाले. सुट्टीत होऊन जाईल असं मला वाटलं होतं. अडीच वर्षं लागली. त्या काळात भरलेल्या दोन वह्या, आणि पुढे मित्रांच्या चार गाड्या खोलताना त्या वह्यांत केलेली खाडाखोड, यांतून हे पुस्तक तयार झालं.

पुस्तक आहे ते मैसूरला बनलेल्या जावा आणि येझदी गाड्यांबद्दल, त्यातही २५० सीसीच्या एका सिलिंडरच्या गाड्यांबद्दल. ज्याच्या जिन्याखाली बुलेट, राजदूत, आरएक्स १०० किंवा चेतक उभी आहे, त्यालाही यातला निम्मा मजकूर कामाला येईल. कारण गंज, आटे आणि माणसं सगळीकडे सारखीच. उरलेला निम्मा मात्र याच इंजिनाचा आहे.

मला जी गोष्ट फार उशिरा कळली ती इथे सुरुवातीलाच सांगतो. जुन्या गाडीत कारखान्याची चूक क्वचित सापडते. सापडतात त्या आधीच्या दुरुस्त्या. गाडी मैसूरहून निघाल्यावर चाळीस वर्षांत तिला पाच-सहा जणांचे हात लागलेले असतात. एकानं पाना मिळेना म्हणून नट छन्नीनं फिरवलेला असतो. दुसऱ्यानं हेडलाइटला घरच्या वायरिंगची वायर ओढलेली असते, आणि तीही दोन रंगांची. तिसऱ्यानं मूळ कार्बोरेटर काढून दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असतो, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा. स्टँड वेल्ड केलेला, चेनकव्हर कापलेलं, फुटरेस्ट ठोकून सरळ केलेलं. घरी गाडी उभी करायला घेतलेल्या माणसाचे पहिले काही महिने हे सगळं वाचण्यात जातात. तो मुळात वाचक असावा लागतो, कारागीर तो हळूहळू होतो.

वाचायचं तर मूळ मजकूर काय होता हे ठाऊक हवं. म्हणून थोडा इतिहास.

प्रागमधल्या फ्रांतिशेक यानेचेक या शस्त्रास्त्रांच्या कारखानदारानं १९२९ साली मोटरसायकली बनवायचं ठरवलं. त्यानं वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचा आराखडा विकत घेतला आणि स्वतःच्या आडनावातली ‘JA’ व वाँडररमधली ‘WA’ ही अक्षरं जोडून गाडीचं नाव ठेवलं जावा. मुंबईत मोटरसायकलींच्या व्यापारात असलेल्या इराणी कुटुंबानं ही गाडी आधी आयात केली. पुढे आयातीवर निर्बंध आले, तेव्हा रुस्तम आणि फारुख इराणी यांनी मैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७०च्या दशकात टाकीवरचं जावा हे नाव जाऊन येझदी आलं. इराणातल्या यझ्द शहराशी त्या नावाचं नातं सांगतात, म्हणजे आपल्याकडच्या इराणी हॉटेलांतल्या चहाचा आणि या गाडीचा धागा एकाच मुलखात जातो. मग येझदीचं रोडकिंग हे मॉडेल आलं. तलाठी, सर्कल, तालुक्याचे डॉक्टर आणि ऊसवाले बागायतदार यांच्या घरापुढे जी जोडनळीची गाडी उभी असायची ती हीच. राजदूत दुधाचे कॅन वाहायची, बुलेट पोलीसपाटलाचा रुबाब वाहायची. येझदी बापलेक, धाकटा टाकीवर आणि मागे बियाण्याचं पोतं असं सगळं मिळून वाहायची.

१९८४ ते १९८६ या तीन वर्षांत जपानी तंत्राच्या १०० सीसीच्या गाड्या एकापाठोपाठ एक आल्या. त्यातल्या एकीची जाहिरातच अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. येझदी विसरू देत नाही. तिच्या पेट्रोलमध्ये मापानं तेल घालावं लागतं, पॉइंट घासावे लागतात, सायलेन्सरमधला कार्बन काढावा लागतो. लोकांनी विसरण्याची सोय निवडली, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रोज चाळीस किलोमीटर नोकरीला जाणाऱ्या माणसाला मायलेज लागतं, छंद नव्हे. १९९६ साली मैसूरचा कारखाना बंद पडला. आता क्लासिक लेजंड्स या कंपनीनं २०१८च्या नोव्हेंबरात जावा आणि २०२२च्या जानेवारीत येझदी ही नावं परत आणली आहेत. पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. शोरूममध्ये जाऊन जुन्या गाडीचं क्लचकव्हर मागू नका. मी मागितलं आहे, म्हणून सांगतो.

कारखाना बंद पडला तो दिवस लक्षात ठेवा, कारण तुमच्या गाडीतले निम्मे जुगाड त्यानंतरचे असतील. सुटे भाग मिळेनासे झाले आणि लहान लहान वर्कशॉपांनी आपापल्या अंदाजानं ते बनवायला घेतले. काही भाग मुळाइतके उत्तम, काही दिसायला सुंदर आणि लोखंड कच्चं. पत्रिकेचं गॅस्केट लावणारा माणूस आळशी नव्हता. त्याच्याकडे गॅस्केट नव्हतं, गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि त्याला सायंकाळच्या आत गावी पोहोचायचं होतं. रस्त्यावरच्या मेकॅनिकला एक तास मिळतो. त्या तासात गाडी चालती करणं हा त्याचा धंदा, आणि तो त्यानं चोख केलेला असतो. त्यानं गाडी चालती ठेवली नसती तर ती भंगारात गेली असती आणि आपल्यापुढे हे कोडं आलंच नसतं.

मात्र प्रत्येक जुगाड पाठीशी घालावा असं नाही. त्यासाठी इंजिनाची रीत समजून घ्यावी लागते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे लोहाराचा भाता. पिस्टन वर जातो तेव्हा खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबून वर ढकललं जातं. भात्याला भोक पडलं तर वारा कुठून येणार? क्रँकच्या दोन टोकांना जी रबरी सीलं असतात ती या भात्याची शिवण आहे. गाडी दहा वर्षं उभी राहिली की ती वाळून कडक होतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरचं तेल पितं आणि मागे पांढरा धूर सोडतं. डायनामोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, रेस सोडली तरी आवाज खाली येत नाही, आणि एक दिवस भर रस्त्यात पिस्टन ब्लॉकला धरून बसतो. तीनशे किक मारूनही चालू न होणाऱ्या, बाहेरून आरशासारख्या लखलखणाऱ्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या. रंगाला पैसे गेले होते, सीलं जुनीच होती.

म्हणून या पुस्तकात जुगाडांचे तीन ढीग केले आहेत. पहिला, राहू द्यावा असा. झाकणाच्या गॅस्केटचं काम फक्त तेल अडवण्याचं. तिथे दाब नाही, म्हणून पत्रिका चालून गेली. दुसरा, सवडीनं काढावा असा: परका कार्बोरेटर, परका इंडिकेटर, सहा व्होल्टचा दिवा काजव्यासारखा वाटतो म्हणून केलेला बारा व्होल्टचा बदल. तिसरा, पाहिल्याबरोबर काढायचा: ब्रेकच्या रॉडला पिनेऐवजी पिळलेली तार, फ्यूज न घालता टाकीखालून नेलेली वायर, गळक्या सीलभोवती थापलेला शेलॅकचा गोळा. कुठला जुगाड कुठल्या ढिगात जातो हे एकदा कळायला लागलं की निम्मं काम झालं. पाने चालवणं त्यानंतरचं.

आता हे घरीच का करायचं? पैसे वाचतात म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर वाचत नाहीत. लागणारी हत्यारं, चुकून दोनदा घेतलेले भाग, मोडलेले बोल्ट आणि पुण्याच्या फेऱ्या यांचा हिशेब मांडला तर चांगल्या मिस्त्रीकडे दिलेली गाडी स्वस्त पडते. घरी एकच गोष्ट जास्त असते ती म्हणजे वेळ. गंजून जाम झालेला पिस्टन घ्या. गॅरेजमध्ये तो ठोकून काढतात. घरी प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतायचं आणि जेवायला जायचं. उद्या पुन्हा थोडं ओतायचं. आठवडाभरानं गाडी गिअरमध्ये घालून मागचं चाक हातानं हलकेच मागे-पुढे करायचं. कधीतरी बाराव्या दिवशी तो अर्धा इंच सरकतो आणि त्या अर्ध्या इंचाचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. किक मात्र मारायची नाही. घाईची किक म्हणजे किकशाफ्टच्या दात्यांचा सत्यानाश.

घरात आणखीही सोयी असतात. क्रँककेसमध्ये नवं बेअरिंग बसवायचं तर ते हातोडीनं ठोकायचं नसतं. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, सकाळी केस उकळत्या पाण्यात तापवायची. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं; भोक मोठं होतं, बेअरिंग आक्रसतं, आणि नीट सरळ धरलं तर ‘टक्‌’ आवाज करून जागेवर जाऊन बसतं. आइस्क्रीमच्या डब्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं बेअरिंग पाहून घरात काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. पण नंतर तोच आवाज ऐकायला सगळे ओट्याभोवती जमले होते.

तरीही सगळं घरी होत नाही, आणि हे कबूल करण्यात कमीपणा नाही. क्रँक प्रेस करणं, बोअर मारणं, क्रोम चढवणं ही कामं ज्याची त्यानंच करावीत. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. ज्या गावच्या यंत्रधंद्याचा पाया घालणाऱ्यांत म्हादबा मेस्त्रींचं नाव घेतात, त्या गावात लेथवाला शोधावा लागत नाही. उद्यमनगरात मी ब्लॉक घेऊन गेलो तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. खराद्याचं वय सत्तरीच्या पुढचं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी ब्लॉक उजेडाकडे धरून डोळा लावला, मग गेज आत घालून वर, मधे, खाली अशी तीन मापं घेतली, पुन्हा काटकोनात फिरवून तीन. “गोल न्हाई ऱ्हायला,” म्हणाले. “लांबुडका झालाय.”

मी म्हटलं, “काका, पन्नासचा बोअर मारून टाका.”

“पिस्टन आणलाईस न्हवं?”

“नाही. आधी बोअर होऊ दे, मग आणतो.”

त्यांनी ब्लॉक माझ्या हातात परत दिला. “मग कशाच्या मापानं मारू? पिस्टनवर पन्नास लिवलेलं आसतंय, पर पन्नास आसतंयच आसं न्हाई. उद्या घिऊन ये.”

त्या एका वाक्यात एक अख्खं प्रकरण होतं, आणि ते पुढे लिहिलंही आहे. या इंजिनाचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. झीज झाली की पाव-पाव मिलिमीटरनं मोठे पिस्टन मिळतात. पिस्टनच्या माथ्यावर तो आकडा कोरलेला असतो (पन्नास म्हणजे अर्धा मिलिमीटर जास्त), म्हणजे हेड उघडलं की ब्लॉक आजवर किती वेळा घासला गेला हे तिथेच वाचता येतं. पण पिस्टन आणि ब्लॉक यांत जी फट ठेवायची ती केसाच्या जाडीची, आणि बाजारातले दोन पिस्टन केसाच्या जाडीनं एकमेकांपासून वेगळे निघतात. म्हणून पिस्टन हातात, मग बोअर. काकांनी दुसऱ्या दिवशी काम केलं, होनिंग करून दिलं आणि वर बजावलं, “पैलं हजार किलोमीटर बायकू माहेरास्नं आल्यागत चालवायची. रागवायचं न्हाई.” पुस्तकातल्या ‘रनिंग-इन’ या प्रकरणाचा सारांश एवढाच आहे. बाकी लिटरला साधारण ४० मिलिलिटर टू-टी तेल, म्हणजे पंचविसास एक, वगैरे तपशील त्या त्या ठिकाणी मिळतील.

रंगाबद्दल इथेच दोन शब्द सांगतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. मीही फसलो. गाडी खोलल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी टाकी पेंटरकडे दिली. मरून रंग, बाजूला क्रोमचे पट्टे आणि त्यांच्या कडेनं हातानं मारलेली सोनेरी रेघ. रेघ मारणाऱ्या बुजुर्गांनी लांब केसांचा ब्रश एका दमात असा ओढला, की बघताना माझाच श्वास अडकला. टाकी घरी आली, पेट्रोल भरलं आणि आतल्या गंजानं खाल्लेल्या एका टाचणीएवढ्या भोकातून पेट्रोल झिरपून रंगाला फोड आले. आधी आत, मग बाहेर. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर खडी घालून हलवायची, गंज निघाला की सोड्याच्या पाण्यानं धुवायची, पूर्ण वाळवायची, गळती तपासायची, रंग त्यानंतर. आणि पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी रिकामी नसते. आतली वाफ पेट घेते. नीट धुतल्याशिवाय तिला कुणालाही डाग लावू देऊ नका. जुन्या ब्रेकशूंवरची धूळही फुंकून उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

दुसरं असं, की मूळ रंग शाबूत असेल तर तो राहू द्या, मग तो कितीही विटलेला असो. लांबी भरून, घासून, ओव्हनमध्ये भाजून केलेला नवा रंग केव्हाही करता येतो. मैसूरला चढलेला रंग पुन्हा चढत नाही. माझ्या एका मित्राच्या गाडीवर टाकीच्या दोन्ही बाजूंना रंग उडून पत्रा दिसतो, अगदी गुडघ्यांच्या मापाचा. त्याच्या वडिलांचे गुडघे. त्यानं फक्त वॅक्स लावलं आणि सोडून दिलं.

कागदपत्रांचं प्रकरण कंटाळवाणं आहे, पण गाडी खोलण्याआधी वाचा. चासी आणि इंजिन यांचे नंबर आरसीशी ताडून पाहा. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी लागते, ती पुढे दर पाच वर्षांनी, आणि आपल्याकडे पर्यावरण करही भरावा लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं आणखी एक वाट काढून दिली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच. म्हणून मामांच्या गाडीला मी ही वाट धरली नाही. तिनं रोज मंडईत जावं अशी त्यांची इच्छा होती. शिवाय एम अक्षरानं सुरू होणारा तिचा जुना तीन अक्षरी नंबर त्यांना आपल्या फोन नंबरापेक्षा चांगला पाठ आहे.

आता कबुलीजबाब. हेड काढलं तेव्हा प्लगच्या भोकात पितळी बुश बसवलेलं दिसलं. कुणीतरी प्लग तिरका घालून आटे मारले होते आणि मग कुण्या खराद्यानं भोक मोठं करून बुश ठोकलं होतं. मी तावातावानं बोलायला लागलो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग आधी हातानं फिरवायचा असतो, चार आटे नीट गेल्यावर पाना लावायचा असतो, एवढी साधी अक्कल नको का, असा कोण हा गाढव... मामांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, “बारावीच्या सुट्टीत आलतास. आठवतंय काय?”

आठवलं. उन्हात उभं राहून, कुणाला न सांगता मी प्लग बदलला होता, तो जात नव्हता म्हणून पाना लावून रेटला होता, आणि गाडी सुरू झाल्यावर गुपचूप पाने जागेवर ठेवले होते. मामांनी त्यानंतर वीस वर्षं त्याचा उल्लेख केला नव्हता. त्या दिवसापासून मी आधीच्या हातांना शिव्या देणं बंद केलं. पुस्तकातही तुम्हाला त्या सापडणार नाहीत. एक-दोन राहिल्या असतील तर त्या पहिल्या वहीतल्या आहेत.

पुस्तकाची मांडणी गाडी ज्या क्रमानं खुलते त्या क्रमानं केली आहे. पहिलं प्रकरण फक्त गाडी धुण्याचं आणि फोटो काढण्याचं आहे. “आधी पुसून घे. मळलेल्या गाडीचं दुखणं कळत नसतंय,” हे मामांचं वाक्य त्याला शीर्षक म्हणून दिलं आहे. दुसरं वहीचं: कुठला बोल्ट कुठून निघाला, कुठला वॉशर कुठल्या बाजूला होता, कुठला नट उलट्या आट्याचा आहे. बिस्किटांचे डबे आणि औषधांच्या बाटल्या आत्तापासून जमवा. तिसऱ्यापासून इंजिन सुरू होतं. किक आणि गिअर यांचा एकच दांडा या गाडीत का आहे, तो आत दाबून वर फिरवला की किक आणि परत खाली आणला की गिअर कसा होतो, आणि गिअर टाकताना क्लच न दाबताही तो सुटतो यामागची योजना काय, हे पाचव्या प्रकरणात चित्रांसह आहे. ते समजलं की झेक माणसांच्या डोक्याला मनातल्या मनात नमस्कार घडतो. विजेचं प्रकरण मी तीनदा लिहिलं. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर हे सांगायला एक ओळ पुरते. ती फट रस्त्यात का बिघडते हे सांगायला बारा पानं लागली.

भाग कुठे मिळतात हे मात्र दिलेलं नाही. दुकानं बदलतात. पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार इथून सुरुवात करा, पुढचा रस्ता लोक दाखवतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करायला जमतात, तिथे एकदा जाऊन उभे राहा. नाव न विचारता स्वतःच्या गाडीची जास्तीची केबल काढून देणारी माणसं मला तिथे भेटली. त्यांचे, खराद्या काकांचे, रेघ मारणाऱ्या बुजुर्गांचे आणि फ्रीझर वापरू देणाऱ्या घरच्यांचे आभार. मामांचे आभार मानलेले त्यांना आवडणार नाहीत.

गाडी सुरू झाली ती एका शनिवारी दुपारी, चौथ्या किकला. रविवारी सकाळी मामांना मागे बसवून जोतिबाला जायचं ठरलं. रात्री दहाला लक्षात आलं की क्लच नीट सुटत नाहीये. डावं झाकण पुन्हा उघडावं लागलं, आणि उघडताना पुण्याहून मागवलेलं चांगल्यापैकी गॅस्केट मधोमध फाटलं. दुसरं नव्हतं. दुकानं बंद. मामा सकाळी सहाला आंघोळ करून, टोपी घालून दारात उभे राहणार हे मला ठाऊक होतं. मी घरात फिरून जाड कागद शोधू लागलो. पुठ्ठा फार जाड, वहीचं कव्हर फार पातळ. शेवटी टीव्हीशेजारी मागच्याच आठवड्यात आलेली एक पत्रिका सापडली. जाडी अगदी बरोबर होती. कात्रीनं कापली, खिळ्यानं भोकं पाडली, ग्रीस लावलं आणि झाकण बसवलं.

पुढे कधीतरी कुणी ते झाकण उघडेल, ‘सहकुटुंब सहपरिवार’ एवढी अक्षरं वाचेल आणि मला शिव्या घालील. घालू दे. तेल गळत नाही.

कोल्हापूर,
खंडेनवमी